उपरण्याखालची बोटं

पूर्वी घाटमाथ्यावरच्या एका नगरात राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व व्यापारी तांडे नेणाऱ्या सार्थवाहाच्या कुळात जन्मला. त्याचं नाव इसिपाल. समुद्रकाठचा माल बैलांवर लादून तो घाट चढवी.

घाटाच्या तोंडाशी नाका होता आणि त्यावर गोणक नावाचा जकातदार. जकात तिथे तोंडाने कधी सांगत नसत. व्यापाऱ्याने उपरण्याखाली हात घालायचा, गोणकाने त्याची बोटं दाबायची. जितकी बोटं, गोणीमागे तितकी मापटी माल द्यायचा. मग गोणक कानाशी लागे, "तुझ्यासाठी म्हणून कमी केलं, कुणाजवळ बोलू नकोस." प्रत्येकाला वाटे, सवलत आपल्या एकट्यालाच. शहाणी माणसं ती, गालात हसत घाट चढत.

एकदा वासुला नावाची मीठवाली आली. नवरा गेलेला, बैल एकच, त्याच्या पाठीवर घराची चूल. तिने हात पदराआड ठेवला आणि म्हणाली, राजाचा दर काय तो मोठ्याने सांग, मोजून देते.

गोणक हसला. "झाकली मूठ सव्वा लाखाची, वासुले."

"मूठ तुझी, लाखही तुझेच. बैल तेवढा माझा आहे."

त्याने तो बैलच ओढून नाक्याच्या खुंटाला बांधला. हात उपरण्याखाली येईल तेव्हा बैल सुटेल, असं बजावलं. बाई मिठाच्या गोणीवर बसून राहिली. रांगेतले लोक उलट तिलाच शिकवू लागले, जगाची रीत आहे बाई, घाल हात. रीत कसली? लुटणाऱ्याने घातलेली आणि लुटल्या गेलेल्यांनी जपलेली.

इसिपालाची पाळी आली. तांडा मोठा, म्हणून गोणकाने नेहमीप्रमाणे एकच बोट दाबलं. बोधिसत्त्वाने हात बाहेर काढला आणि ते बोट सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"मला एक. तुम्हांला किती दाबतो?"

मग एका म्हाताऱ्या कुंभाराने तीन बोटं वर केली. एका तेलिणीने चार. मग रांगभर हातच हात.

गोणकाने दरडावलं, तांडा इथेच कुजवीन. इसिपालाच्या करंड्यांत विड्याची पानं आहेत, हे त्याला ठाऊक होतं.

"कुजव," बोधिसत्त्व म्हणाला. "त्या बैलाचं दावं सुटेपर्यंत माझा एकही बैल पुढे जाणार नाही."

मग कुणीच पुढे गेलं नाही. पानं पिवळी पडली, काळी पडली. राजवाड्यातलं मीठ संपलं, तेव्हा राजा स्वतः घाटात उतरला आणि चकित झाला. दर तर आजोबांपासून सगळ्यांना गोणीमागे दोनच मापटी, तो म्हणाला. त्यात सांगायचं काय?

वासुला गोणीवरून उठली. "महाराज, तुमच्या मनातला दर आम्ही काय स्वप्नात बघायचा?"

राजाची मान खाली गेली. त्याने गोणकाला काढलं आणि नाक्याच्या कातळावर दोन बोटं उभारलेला हात कोरवला, वाचता न येणाऱ्यालाही कळावा असा. वासुलेने दोन मापटी मीठ मोजून दिलं आणि बैल सोडून घेतला. बोधिसत्त्वाला मात्र तेव्हापासून एकाच्या जागी दोन बोटं जकात पडू लागली. ती तो त्या कातळासमोर उभा राहून हसत भरी.

चीवरांच्या, म्हणजे भिक्षूंच्या वस्त्रांच्या, वाटपाचे नियम दडवणाऱ्या एका भांडारी भिक्षूमुळे शास्त्याने, भगवान बुद्धाने, ही कथा सांगितली. शेवटी तो म्हणाला, "तेव्हाचा गोणक म्हणजे हा भांडारी. राजा म्हणजे त्याच्यावर विसंबून राहिलेले हे स्थविर. इसिपाल मीच होतो. आणि भर सभेत 'नियम काय तो सांगा' म्हणून उभी राहिलेली ही भिक्षुणी, ती वासुला. तिला खाली बसवू नका. सत्य सांगणं ही पारमिता, गुणाची पराकाष्ठा, तशी ते मोठ्याने विचारणं हीही पारमिताच."