नखाची खूण

डोंगराच्या अगदी पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात सावळाराम नावाचा ओतारी राहत होता. ओतारी म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारा. त्याच्या घरी धातू वितळवायची मूस एकच, पण कामं दोन. गावच्या राखणदाराच्या ठासणीच्या बंदुकीसाठी तो शिशाच्या गोळ्या ओतायचा, आणि जत्रा जवळ आली की देवाला वाहायचे नवसाचे घोडे. गोळीला लागतं निव्वळ मऊ शिसं. घोड्याला ते चालत नाही, पाय वाकतात बिचाऱ्याचे. म्हणून घोड्याच्या शिशात कथील आणि सुरमा हे दोन धातू घालून ते कडक करायचं.

सावळारामच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, एक शिस्त घालून दिली होती. घोडे झाले आणि गोळ्यांना हात घालायचा असला की आधी मूस तळापर्यंत रिकामी करायची. मग मूठभर चांगलं शिसं वितळवून मूस आतून विसळायची, तेही बाजूला ओतून टाकायचं, आणि मगच गोळ्यांचं शिसं घालायचं. काम मोठं कंटाळवाणं. पण आबा सांगायचे, गोळीत जरासाही कडकपणा राहिला तर ती नळीत अर्ध्यावर अडकते, आणि अडकलेल्या गोळीवर बार काढला की बंदूक धरणाऱ्याच्याच तोंडावर फुटते.

त्या घरात आणखी एक रीत होती. प्रत्येक वेळची पहिली गोळी कोनाड्यात ठेवायची आणि घरच्या बाईने तिच्यावर अंगठ्याचं नख दाबून बघायचं. नख उमटलं तर शिसं मऊ. मग ती गोळी कोनाड्यातल्याच एका गाडग्यात जायची. गाडग्यात तळाशी आबांच्या आईच्या नखाच्या गोळ्या होत्या, मध्ये सावळारामच्या आईच्या आणि वर त्याची बायको गोजराबाई हिच्या. कुणी पाहुणा आला की सावळाराम ते गाडगं काढून दाखवायचा. पाहुणा जांभया देऊ लागला तरी दाखवायचा.

एका वर्षी जत्रा चार दिवसांवर आली आणि नेमका तेव्हाच डोंगरातला बिबट्या गावात उतरायला लागला. आधी शेळ्या नेल्या, मग एका अंगणातून वासरू ओढून नेलं. राखणदार होता हैबती. गोजराबाईने त्याला भाऊ मानलेलं. दर भाऊबीजेला तो न चुकता ओवाळून घ्यायला यायचा आणि चार करंज्या जास्त खाऊन जायचा. तो दुपारीच सावळारामच्या दाराशी येऊन बसला. म्हणाला, दाजी, आज दिवस मावळायच्या आत बारा गोळ्या लागतील.

मुशीच्या तळाशी घोड्यांचं शिसं दोन बोटं उरलेलं होतं. घोडे अजून निम्मे व्हायचे होते. गोजराबाई मळ्यात गेली होती. सावळारामने मुशीकडे बघितलं, उन्हाकडे बघितलं आणि मनात म्हणाला, एवढ्याशाने काय होतंय? अन् दिलं त्यावरच चांगलं शिसं ढकलून. शिस्त मोडायला माणसाला कितीसा वेळ लागतो!

गोळ्या निघाल्या त्या अशा लखलखीत की बघत राहावं. हैबती खूश झाला. पारावर बसलेल्यांना दाखवत दाखवत गेला. गावाने सावळारामचं कौतुक केलं. सावळारामलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

ऊन कलताना गोजराबाई मळ्यातून आली. सवयीने कोनाड्यातली गोळी उचलली आणि नख दाबलं. नख घसरलं. तिने पुन्हा दाबलं, नखाला कळ आली, पण गोळीवर चराही उठला नाही. गोळी तिने नवऱ्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली.

सावळारामने खाली बसून स्वतःचं नख दाबून बघितलं, तेही घसरलं. पारावर जाऊन काय सांगायचं? तीन पिढ्यांचं नाव, आणि आपल्या हातून हे. कदाचित बिबट्या येणारही नाही आज. कदाचित गोळी नीट बसेलही. आणि घरात मऊ शिसं आता चिमूटभरही उरलेलं नव्हतं, मग जाऊन तरी उपयोग काय?

"हैबती माझा भाऊ आहे," गोजराबाई म्हणाली. "जास्त काही मी बोलत नाही."

सावळारामने कोनाड्याकडे बघितलं. उठला, गाडगं उचलून काखेत मारलं आणि धावत सुटला.

पारावर हैबती बंदुकीत दारू भरून गोळी ठासायला गज हातात घेत होता. सावळारामने त्याचा हात धरला. धाप लागलेली, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा काढला.

"ती गोळी घालू नकोस. मूस विसळली नाही मी, आळस केला. ही गोळी तुझा जीव घेईल."

कुणीतरी मागे हसलं. सावळारामने मान खाली घातली नाही. गाडगं उपडं करून त्यातल्या बारा गोळ्या त्याने आपल्या धोतराच्या सोग्याने घासून पुसल्या. साचा तोच, माप तेच. काळवंडलेल्या होत्या, पण प्रत्येकीवर नखाची खूण होती. हैबतीने त्यातली एक नळीत सोडली. गजाच्या एका दाबासरशी ती तळाला जाऊन बसली. हैबतीने दाजींकडे बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले.

दिवस मावळता मावळता बिबट्या ओढ्याकाठी दिसला. हैबतीने नेम धरला. बार झाला, गोळी बिबट्याच्या कानाजवळून जाऊन बाभळीत घुसली. बिबट्या जो डोंगरात पळाला तो पुन्हा गावाकडे फिरकला नाही. बंदूक धड, हैबतीही धड.

दुसऱ्या दिवशी हैबती अकरा गोळ्या परत घेऊन आला. बारावी त्याने बाभळीतून कोरून काढली होती, पार चपटी झालेली. तो म्हणाला, "अक्का, हिच्यावरची खूण गेली गं." गोजराबाईने ती हातात घेतली, अंगठ्याने नवी खूण उमटवली आणि गाडग्यात सगळ्यांत वर ठेवली. त्या लखलखीत गोळ्या मात्र सावळारामने मुशीत घातल्या आणि त्यांचा एक घोडा ओतला. जत्रेत हैबतीने तोच देवाला वाहिला. आणि आता पाहुणा आला की सावळाराम गाडग्यातली चपटी गोळी आधी दाखवतो, स्वतःच्या आळसाची गोष्ट सांगतो. हल्ली पाहुणे जांभया देत नाहीत.

तात्पर्य: हातून झालेली चूक वेळ आहे तोवर स्वतःच्या तोंडाने सांगून टाकावी, आपलं नाव घटकाभर खाली येतं, पण आपल्यावर विसंबलेलं माणूस वाचतं.