राणीची दाढ आणि बोटभर तोलारीण

एक होता राजा. त्याला राज्य करण्यापलीकडे काही काम नव्हतं, म्हणून त्याला राहू दे. गोष्ट त्याच्या राणीची, रत्नावंतीची.

त्या राज्यात रीत अशी, की संक्रांतीला पहिला ऊस राजघराण्यातल्या बाईनं दातांनी सोलायचा. सोलेल तिचा वर्षभर मान. आजवर तो रत्नावंतीचाच. पण यंदा तिची दाढ ठणकायला लागली. आणि नेमकी तिची धाकटी जाऊ, शेवंता, सगळे दात दाखवून हसली. राणीचा जळफळाट झाला बरं का!

मग तिनं काय केलं? शेवंताचे दात किडावेत म्हणून तिच्याकडे मिठाई धाडायला लागली. सकाळी पेढे, दुपारी बर्फी, तिन्हीसांजेला चिक्की. पण गोड कमी पडलं तर? म्हणून प्रत्येक ताटातलं आधी स्वतः चाखायची. जरा जरा, दिवसभर. शेवंता मात्र ते जेवणाबरोबरच खायची, खळखळून चूळ भरायची, सकाळ-रात्र बाभळीच्या काडीनं दात घासायची.

एक दिवस राणीनं जांभई दिली, आणि तोंडातून बोटभर बाई बाहेर आली. हातात तराजू!

"मी तुमच्या तोंडातली तोलारीण. एका पारड्यात गोड, दुसऱ्यात लाळ, चूळ अन् काडी. गोडानं दात झिजतो, मध्ये उसंत मिळाली की लाळ त्याला सावरते. तुम्ही उसंतच देत नाही, बाईसाहेब. तोलून तोलून हात भरून आले माझे."

"आणि शेवंताची तोलारीण?"

"ती? दुपारची झोपते."

राणीला त्या झोपेचाच जास्त हेवा वाटला.

मग तिनं ईर्ष्येनं दिवसभर काडी घासली. हिरड्यांतून रक्त आलं. "अहो, बेतानं!" तोलारीण ओरडली. मग राणी बेतानं वागली. ताटं चाखणं बंद, गोड फक्त जेवताना, मग चूळ. किडलेली दाढ वैद्यानं काढली ती काढलीच. बाकीचे दात मात्र सावरले.

संक्रांत आली. राणीनं ऊस तोंडाला लावला, पण दाढ काढलेल्या बाजूनं काही जमेना. लोक बघत होते. राणीचे डोळे भरले.

"जाऊबाई," शेवंता म्हणाली, "चांगल्या बाजूनं धरा. दुसरं टोक मी घेते."

दोघींनी मिळून ऊस सोलला. मान दोघींना मिळाला. शेवंताच्या टोकाला एक पेर जास्त होतं, असं राणी अजून म्हणते; पण नांदल्या सुखानं.

चला, उठा, चुळा भरा आणि पडा. नाही रे, लाडू उद्या. जेवताना.