मडक्यातला आवाज

फार फार जुनी गोष्ट. समुद्राकाठी एक बंदर होते. तिथल्या राजाचे नाव आता कोणाला आठवत नाही, पण तिथली एक चाल मात्र अजून सांगितली जाते.

बंदराच्या चौकात एक पार होता. संध्याकाळी लोक तिथे जमत. ज्याला काही बोलायचे असेल त्याने पारामागे आडोशाला जाऊन डोक्यावरून घोंगडी घ्यायची, बूड फुटलेले मडके तोंडाला लावायचे आणि बोलायचे. मडक्यातून सगळ्यांचाच आवाज सारखा घुमतो, बोलणारा कोण ते कळत नाही. गरिबाला सावकाराविरुद्ध निर्धास्त बोलता यावे म्हणून पूर्वजांनी ही सोय केली होती. सोय चांगलीच होती. पण एक गोष्ट त्या शहाण्यांच्या ध्यानात आली नाही. खरे बोलणाऱ्याला जिथे तोंड लपवता येते, तिथे खोटे बोलणाऱ्यालाही येते.

त्या बंदरात कोणालाही गलबताच्या मालात वाटा घेता येई. गलबत सुखरूप परतले की वाटेकऱ्यांची चंगळ, आणि बुडाले की वाटाही बुडाला. त्यामुळे हळूहळू पारावर गाऱ्हाणी कमी आणि गलबतांच्याच गप्पा जास्त होऊ लागल्या.

गावात एक कोष्टी होता. त्याची आई लहानपणीच गेली. थोरल्या बहिणीने म्हशी राखून, दूध विकून त्याला वाढवले. तिला तो आक्का म्हणे. आक्काकडे आता एकच म्हैस उरली होती, आणि तिच्या दह्यावरच आक्काची चूल पेटत होती.

एका संध्याकाळी मडके घुमले, "लवंगा आणायला निघणारे गलबत म्हणजे सोने आहे सोने! आज वाटा घेईल तो उद्या माडी बांधील."

कोष्ट्याने विणून ठेवलेली सगळी लुगडी विकली आणि वाटा घेतला.

वाटा घेतला आणि माणूसच बदलला. त्या गलबताची कोणी स्तुती केली की तो त्याला शहाणा वाटे. कोणी शंका काढली की तो त्याला वैरी वाटे.

एके दिवशी मडक्यातून आवाज आला, "बाबांनो, त्या गलबताच्या तळाची फळी कुजली आहे. वाटे घेऊ नका."

कोष्टी ताडकन उठला. त्याने पारामागे जाऊन घोंगडी ओढली, मडके तोंडाला लावले.

"याला स्वतःला वाटे स्वस्तात हवे आहेत, म्हणून भीती घालतोय! ती फळी मी या हातांनी ठोकून पाहिली आहे. गलबत हाकणारा तांडेल माझ्या रोजच्या बसण्याउठण्यातला आहे. डोळे मिटून वाटे घ्या!"

खरे सांगायचे तर फळी त्याने पाहिलीही नव्हती, आणि तांडेलाशी त्याची ओळखदेखील नव्हती. पण तो काही स्वतःला खोटारडा समजत नव्हता. चार लोक आपल्या बाजूला आले की आपले बरोबरच असणार, एवढाच धीर त्याला हवा होता.

लोकांनी टाळ्या पिटल्या आणि कुजक्या फळीची बातमी देणाऱ्याला हुसकावून लावले. त्याचा हेतू सगळ्यांनी विचारला, कोष्ट्याचा कोणीच विचारला नाही.

गलबत गेले. पावसाळा तोंडावर आला तरी परतले नाही. शेवटी त्याच्या फुटक्या फळ्या तेवढ्या किनाऱ्याला लागल्या. पहिल्यांदा स्तुती करणाऱ्याने आपले वाटे केव्हाच विकून टाकले होते, असे लोक म्हणू लागले. पण तो कोण, हे एका मडक्यालाच ठाऊक.

कोष्टी डोक्याला हात लावून बसला होता, तेवढ्यात आक्का आली. तिचा चेहरा उतरला होता.

"म्हैस विकली रे मी," ती म्हणाली. "लवंगांच्या गलबतात वाटा घेतला होता."

"आक्का! तू कशाला त्या फंदात पडलीस?"

"पडणार नव्हतेच. फळी कुजलीय म्हटल्यावर तर मी पारावरून उठलेसुद्धा होते. पण मग एक जण अगदी तळमळून बोलला बघ. म्हणाला, फळी मी या हातांनी ठोकून पाहिलीय. वाटलं, एवढं छातीठोक सांगतोय तर बघितल्याशिवाय का सांगेल? म्हटलं, चार पैसे आले तर तुला नवा माग घेऊन देईन."

कोष्ट्याच्या तोंडचे पाणी पळाले.

"मेल्याचं तोंड एकदा दिसायला हवं होतं," आक्का म्हणाली. "विचारलं असतं, मी तुझं काय वाकडं केलं होतं रे?"

कोष्ट्याची मान खाली गेली. "आक्का, तुझं वाईट करायचं त्याच्या मनातही नव्हतं गं. त्याचा वाटा त्या गलबतात होता, एवढंच."

"तुला कसं ठाऊक?"

कोष्टी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला. आक्का बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पदराने डोळे पुसले आणि ती निघून गेली.

पुढे कोष्ट्याने माग चालवून चालवून हाडांची काडे केली आणि तिला म्हैस आणून दिली. आक्काने ती ठेवून घेतली, त्याला दहीही पाठवत राहिली. पण त्या दिवसापासून तो साधे "विहिरीला पाणी आलंय" म्हणाला, तरी ती स्वतः जाऊन बघून येई.

तात्पर्य: बोलणाऱ्याचा शब्द धरण्याआधी त्याचा वाटा कशात आहे ते विचारावे, आणि बोलणारे आपणच असलो तर आधी स्वतःलाच विचारावे.