पेजेत भिजवलेल्या पाकळ्या

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नेमकी कधीची ते विचारू नका. वेळेखोल गावात ते कुणालाच ठाऊक नाही, आणि जो सांगतो तो हमखास थापा मारतो. खाडीच्या तोंडाशी तेव्हा किल्ला नव्हता, नुसता खडक होता, एवढंच सगळे छातीठोकपणे सांगतात.

त्या काळी पावणाई देवीचा गुरव होता रवळो. देवीची पूजा करायची आणि देवीचं म्हणणं गावाला सांगायचं, हे त्याचं काम. देवीच्या पाषाणाच्या उजव्या अंगाला जास्वंदीची ओली पाकळी चिकटवायची, डाव्या अंगाला दुसरी, आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. हाच कौल. सोयरीक, पेरणी, भावाभावांचं भांडण, सगळं त्या पाकळ्यांवर ठरायचं. खोताचा हुकूमसुद्धा कौलाशिवाय चालत नसे, आणि म्हणूनच खोताचं गुरवावर फार प्रेम असायचं.

रवळोला लहानपणापासून एकच शंका छळायची. कमी ओली पाकळी आधी गळते, हे त्याच्या बोटांना कळलं होतं. मग बोलतं कोण, देवी की बोटं? त्याने बापाला विचारलं. बाप म्हणाला, "दोनीय सारख्यो भिजव. पुढचां तिचां ती बघतली." रवळो जन्मभर सारख्या भिजवत राहिला. पण सारख्या म्हणजे किती सारख्या, हे त्याला काही उमगलं नाही. लोक पाया पडायला वाकले की तो उगीच मागे सरायचा.

मग एका सरदाराने त्या खडकावर किल्ला बांधायला घेतला. दगड वाहायला माणसं हवी होती. पहिल्या खेपेला खालच्या वाडीतली तरणीताठी माणसं नेली, ती परत आलीच नाहीत. कुणी दगडाखाली गेला म्हणे, कुणी तापाने. दुसऱ्या खेपेला हवालदार शिपाई घेऊन आला, तेव्हा गाव कुरकुरायला लागलं. विसाजी खोत म्हणाला, "आपण देवयेक विचारूया." आणि सकाळीच गुरवाच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"रवळू, उजवी पडाक होयी," तो हळूच म्हणाला. "देवळाची जमीन तुझ्याकडेच रवाक होयी मां?"

रवळोने मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

देवळात सगळा गाव जमला होता. दाराशी खालच्या वाडीतली पारू बसली होती. तिचा थोरला पहिल्या खेपेला गेलेला, धाकट्याला आता नेणार होते. ती म्हणाली, "रवळोबा, माझो एकच रवलो हा. देवयेक नीट विचार हां."

रवळोच्या डोक्याचा नुसता चिखल झाला. उजवी पाडावी, तर पारूचा गळा आपण कापला. डावी पाडावी, तर देवीच्या तोंडी आपले शब्द घातले. दोन्ही सारख्या भिजवाव्यात आणि उजवीच पडली तर? मग देवीलाच हे हवं होतं, असं समजायचं? त्या विचाराने तर तो हादरलाच. पारूकडे बघत बघतच त्याने बोटं बुडवली, पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं.

पाकळ्या हलेनात.

दुपार झाली. लोक भुकेने चुळबुळ करायला लागले, पण कौल अर्धा टाकून उठायचं नाही असा रिवाज. संध्याकाळ झाली. पाकळ्या सुकल्या, त्यांच्या कडा वळल्या, तरी दोन्ही जागच्या जागी. दुसरा दिवस उजाडला. असं म्हणतात की दारातून वारा शिरला, समया विझल्या, आणि त्या दोन वाळक्या पाकळ्या तेवढ्या शांत राहिल्या. देवीने मौन धरलं, असं लोक कुजबुजायला लागले. एकट्या रवळोची बायको येसू तांब्याशेजारच्या वाडग्याकडे बघत होती. तांब्यात पाणी होतं, वाडग्यात नैवेद्याची पेज.

खोत कानाशी आला. "पडली म्हणान सांग."

"पडूक नाय, तर पडली कशी सांगू?"

"मग काय सांगतलंस?"

रवळो गावाकडे वळला. "देवी बोलणा नाय," तो म्हणाला. "मी सांगतंय. माणसां जावची नाय."

असं आजवर कुणी गुरव बोलला नव्हता. लोक एकमेकांची तोंडं बघायला लागले. हे ऐकायचं की नाही ऐकायचं? खोत ओरडला, "तू कोण सांगणारो?"

"तांच माका कळणा नाय," रवळो म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

पारू उठली. ती रवळोच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग खालची वाडी उठली, मग वरची. हवालदाराने त्या माणसांकडे पाहिलं, पाकळ्यांकडे पाहिलं, देवीला हात जोडले, आणि गावाला हात न लावता एकट्या रवळोला बांधून नेलं. जमीन खोताने घेतली.

असं म्हणतात की किल्ल्यावर रवळोने रचलेला दगड कधी टिकला नाही. सकाळी ठेवायचा, संध्याकाळी गळून पडायचा, आणि नेहमी डाव्याच बाजूने. गवंडी कंटाळले, शिपाई घाबरले, शेवटी त्याला होडीत घालून परत पाठवलं. तो रचत होता तो बुरूज आजही अर्धाच आहे.

गाव वाजतगाजत सामोरा गेला. रवळोला लाज वाटली. येसूने त्याला पेजेचं सांगितलं, तसा तो अधिकच गोंधळला. एवढं सगळं पेजेने केलं? की बोट पेजेत कुणी घातलं, तेच खरं विचारायचं? न राहवून त्याने देवीपुढे दोन पाकळ्या लावल्या, साध्या पाण्याने, अगदी सारख्या भिजवून. म्हणाला, "आवशी, तू बोललंस तर उजवी पाड. मी बोललंय तर डावी."

असं म्हणतात की दोन्ही पाकळ्या एकदमच पडल्या.

रवळो आधी रडला, मग खूप हसला. त्यातून त्याला काय समजलं ते त्याने मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. बहुतेक काहीच समजलं नसावं.

वेळेखोलात अजून कौल लागतो. सोयरीक असो की पेरणी, पाकळ्या पाण्यानेच लावतात. पण ज्या प्रश्नात कुणाचा जीव किंवा कुणाचं घर गुंतलेलं असेल, त्या दिवशी गावातली सगळ्यांत म्हातारी बाई तांब्या उचलून बाजूला ठेवते आणि पेजेचा वाडगा पुढे सरकवते. त्याला रवळोचा कौल म्हणतात. पाकळ्या घट्ट चिकटतात, पडत नाहीत. पडणार नाहीत हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. मग गुरव देवीकडे पाठ करतो आणि पहिल्या माणसापासून एकेकाला विचारत जातो, "तुझां काय?"

आणि त्या दिवशी, देवीने असं सांगितलं, असं म्हणायची कुणालाच मुभा नसते.