टाकीतला केशरी रंग

एकदा एक वृद्ध बागायतदार होते. डाळिंबाच्या शेतीत त्यांचा शब्द तालुक्यात प्रमाण मानला जाई. त्यांच्याकडे शिकायला आलेला शिष्य संगणकाचा पदवीधर, आणि अर्थातच घाईचा. शेतावर ठिबकचे पाणी सोडणारी एक संगणक प्रणाली होती, पिकांच्या नोंदी ठेवणारी दुसरी. दोन्ही या शेताच्या सोयीप्रमाणे बेतून घेतलेल्या. शिष्याने महिनाभर खपून त्या एकमेकींना जोडल्या. आता नोंदींतून हुकूम सुटला की पाणी शेताच्या नेमक्या तुकड्यात जाणार होते.

पहिलीच परीक्षा अवघड निघाली. दुसऱ्या तुकड्यातल्या जुन्या झाडांच्या नळ्या क्षाराने निम्म्या तुंबल्या. झाडे फळांनी लगडलेली, ऊन भाजून काढणारे. नळ्या आम्लाने धुवायच्या होत्या, आणि वीज बाराला जाणार होती. अकरा वाजून गेले होते.

शिष्याने आम्लाचा कॅन ठिबकच्या पाण्यात औषध सोडणाऱ्या टाकीकडे उचलला. वृद्धाने तो काढून घेतला आणि टाकीत जिलेबीचा केशरी रंग ओतला.

"तात्या, ही काय चेष्टेची वेळ आहे? झाडं माना टाकतायत!"

"हुकूम दे," तात्या म्हणाले, "आणि दुसऱ्या तुकड्यात जाऊन उभा राहा."

शिष्य धुमसत गेला. दहा मिनिटे झाली, एक थेंब नाही. तेवढ्यात शेताच्या पलीकडच्या बाजूला, जिथे महिन्यापूर्वी चारशे रोपे लावली होती, तिथून पाणी बघणाऱ्या भागूजीची हाक आली, "अहो, रोपांच्या बुडाला हे केशरी पाणी कसलं?"

शिष्य बांधावर बसला. जुनी झाडे सोसतात तेवढ्या आम्लानेही ही चारशेच्या चारशे कोवळी रोपे जळाली असती.

तात्या शेजारी येऊन म्हणाले, "ठिबक बसवताना भागूजीने तुकडे विहिरीकडून मोजून दिले. त्याचं पाणी तिथून निघतं. तू नोंदींत तुकडे मोजलेस रस्त्याकडून, कारण तू तिथून येतोस. चुकलं कुणीच नाही. पण दोघांना जोडताना, पहिला तुकडा कुठल्याला म्हणता, एवढं तू विचारलं नाहीस."

शिष्य भागूजीकडे गेला. "मामा, ही जुनी झाडं तुमच्या मोजणीत कितव्या तुकड्यात?"

"पाचव्या. कधीपासून!"

त्याने सहाही तुकड्यांचे क्रमांक जुळवले. बाराला अर्धा तास उरला होता. तात्यांनी आम्लाचा कॅन पुढे केला. शिष्याने एकवार घड्याळाकडे पाहिले आणि हात मागे घेतला.

"आधी रंग, तात्या," तो म्हणाला.