दादाचा दगड

फार पूर्वी, नदीकाठच्या एका गावात घंटा ओतण्याचा कारखाना होता. कारखाना दोघा भावांचा. थोरला शांत, आणि धाकटा म्हणजे तापल्या तव्यावरची लाही.

मोठी घंटा ओतायची तर पाच भट्ट्या पेटत, प्रत्येकीवर एक माणूस आणि धातू वितळवायची एक मूस. पाचही मुशींमधले वितळलेले कासे एकामागून एक साच्यात पडायचे. धार मध्ये तुटली की घंटा मुकी!

ओतकाम चालू असताना थोरला कडेच्या एका काळ्या दगडावर बसून असे. घामाघूम झालेला धाकटा चिडवी, "तुझं बरंय दादा! आम्ही भाजतोय आणि तू बसलायस!"

थोरला हसे. "एकदा बसून बघ, मग बोल."

एके वर्षी थोरला तापाने गेला. धाकट्याला तो रिकामा दगड बघवेना. त्याने त्यावर गोणपाट टाकले आणि तिकडे पाठच फिरवली.

नेमकी तेव्हाच डोंगरावरच्या देवळाची घंटा ओतायची होती. पुजारी म्हणाले, "जत्रेला घंटा वाजली पाहिजे. नाहीतर पुढची सगळी कामं पलीकडच्या गावाला." त्या कामांवर तेवीस घरांच्या चुली पेटत होत्या.

धाकटा पेटून उठला. पहिल्या भट्टीची मूस त्याने स्वतःच उचलली. मग दुसरीकडे धावला, तिसऱ्याच्या हातातली सांडशी ओढली, चौथ्यावर खेकसला. "ओता! थांबा! अरे ओता म्हणतो ना!" पाचव्या भट्टीचे कासे अजून वितळलेच नव्हते. धार तुटली. साचा फोडून घंटेवर टोला मारला, तर ती फुटक्या मडक्यासारखी वाजली.

"कुणी घात केला?" धाकटा ओरडला.

पाचव्या भट्टीवरचा म्हातारा पुढे आला. "अरे पोरा, माझी भट्टी वाऱ्याच्या आडोशाला. ती उशिरा तापते. तुझा दादा विचारायचा, 'काका, कितपत आलं?' तू विचारलंस का? तू नुसतं सांगत सुटलास."

धाकटा तरातरा निघाला. पण जाणार कुठे? पाय दगडापाशीच थांबले. गोणपाट काढून तो त्यावर बसला आणि हमसून हमसून रडला. डोळे पुसून मान वर केली, आणि बघतच राहिला.

तिथून पाचही भट्ट्या दिसत होत्या. नुसत्या भट्ट्या नव्हे, पाचही माणसांचे चेहरे! कारखान्यात दुसरी अशी जागाच नव्हती.

नवा साचा तयार झाला, तशी मुकी घंटा फोडून पुन्हा मुशींत घातली. धाकटा प्रत्येकापाशी गेला. "तुला काय हवं? तुला किती वेळ लागेल?" म्हाताऱ्याची भट्टी त्याने सगळ्यांच्या आधी पेटवायला लावली. मग दगडावर जाऊन बसला.

ओतकाम सुरू झाले. पाचही चेहरे बघत तो हात वर करी, आणि हात वर गेला की पुढची मूस कलंडे. तिसऱ्याला मूस पेलवेना. धाकट्याचे पाय शिवशिवले, धावावेसे वाटले! त्याने दगड घट्ट धरला. तेवढ्यात चौथ्याने आपणहून त्याच्या मुशीला हात लावला. शेवटी म्हाताऱ्याने मान हलवली, धाकट्याने हात वर केला, आणि पाचवी मूस साच्यात रिकामी झाली. धार तुटली नाही.

जत्रेच्या दिवशी घंटेवर पहिला टोला पडला. नाद नदी ओलांडून पलीकडच्या गावातही पोचला! तेवीस घरांतली माणसे देवळासमोर नाचली, पुजारीसुद्धा नाचले.

म्हाताऱ्याने डोळे मिचकावले. "काय मालक, बसून बसून दमलात वाटतं?"

"फार दमलो, काका!" धाकटा हसता हसता रडला. घंटेचा नाद अजून घुमत होता. तो हळूच म्हणाला, "दादा, बसून बघितलं रे."

तात्पर्य: सगळ्यांचे हात स्वतः चालवू पाहतो तो धार तोडतो, सगळ्यांचे चेहरे वाचतो तो घंटा वाजवतो.