अंबारीएवढी एसएसडी

हत्तीवरची अंबारी भरेल एवढी मोठी डबी, आणि तरीही ती संगणकातल्या दोन बोटं रुंद खाचेत बसली पाहिजे! अशी डबी सकाळी दरबारात कुठून आणायची, या काळजीनं शालनचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. मधूनच तिला वाटे, आपण ही नोकरीच घ्यायला नको होती. मग वाटे, पोरगी आज जेवली का नीट?

शालन ढोलगडच्या राजवाड्यातले संगणक सांभाळायची. राजे रणधीररावांची भाषणं आणि तसबिरी जुन्या एसएसडीत, म्हणजे संगणकाच्या साठवणीच्या डबीत, मावेनाशा झाल्या, म्हणून तिनं दुप्पट साठवणीची मागवली. जुनी तळहाताएवढी, एक टेराबाइटची. नवी आली ती चिक्कीच्या पातळ तुकड्याएवढी, आणि म्हणे दोन टेराबाइटची. राजे भडकले. कीर्ती वाढत चाललीय आणि तिची डबी आकसत चाललीय? तिकडे तुंबडीपूरच्या राजानं आपल्या भाषणांचं कपाटाएवढं यंत्र वाजतगाजत मिरवलं होतं! झालं, हुकूम सुटला. एसएसडी अंबारीएवढी हवी आणि त्या चिक्कीच्या खाचेत चालायलाही हवी. नाहीतर शालनची नोकरी गेली, आणि राजवाड्यातली राहती खोलीसुद्धा.

दरबार भरला. घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून चार वर्षांची लेक बकुळ शालनच्या कडेवर.

"आणलीस?" राजांनी विचारलं.

"आणली, महाराज. पण आधी जुनी उघडून दाखवते."

बकुळला खाली ठेवून तिनं स्क्रू काढले. एक स्क्रू निसटून प्रधानजींच्या जोड्यात जाऊन पडला. राजे वाकून बघतात तर काय, आत एका कोपऱ्यात चिक्कीएवढा हिरवा तुकडा आणि बाकी सगळं रिकामं.

"माझी भाषणं कोणी पळवली?"

"सगळी या तुकड्यात आहेत, महाराज. बाकी नुसती हवा. जुन्या संगणकात या मापाची जागा असते, ती भरावी म्हणून एवढं कवच. आत किती मावतं याच्याशी त्याचा काही संबंध नाही."

राजांनी मिशीला पीळ दिला. "मग माझ्या नवीला कवच कुठाय?"

"आहे की. नवी खाचेत बसलीय, संगणक बसलाय राजवाड्यात. म्हणजे तिचं कवच हा अख्खा राजवाडा! तुंबडीपूरची कपाटाएवढी, आपली चार बुरुजांची."

प्रधानजी खाकरले. जोड्यातला स्क्रू टोचत असावा. राजवाडा हत्तीवर चढवणार कसा, असं त्यांनी खवचटपणे विचारलं.

"चढवायचा कशाला?" शालन म्हणाली. "हत्ती चौकात उभा करा, अंबारीसकट. आपल्या डबीच्या आत हत्ती मावतो, प्रधानजी. तुंबडीपूरच्या डबीत शेळी तरी मावेल का?"

राजे असे हसले की पगडी कानावर आली. शालनची नोकरी पक्की झाली, एका खोलीच्या दोन झाल्या, शिवाय राजांनी स्वतःच्या हातातलं सोन्याचं कडं काढून दिलं. आपण खरंच हे सगळं बोललो का, असं तिला वाटत होतं.

बकुळ उघड्या डबीत बोट फिरवत होती. तिनं हिरवा तुकडा पाहिला, रिकामी जागा पाहिली, मग भल्यामोठ्या दरबाराच्या मधोमध बसलेल्या राजांकडे निरखून पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "महाराज यातली चिक्की आहेत, का यातली हवा?"